पोरगं घरातच आहे: मालिका बघावी की कादंबरी वाचावी?

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यासाठी दोनच नावं उरलीत: नेटफ्लिक्सवरची ‘अ‍ॅडोलेसन्स’ (२०२५) आणि कामिला शम्सी यांची ‘होम फायर’ (२०१७). एकटं पडलेलं पोरगं कुणाच्या नादी कसं लागतं, हा दोन्हींचा विषय. तो काढताच अशोक चौकाकडचे एक यंत्रमागवाले काका म्हणाले, “पोरगं घरातच हाय की ओ, मग काळजी कसली?”

मालिका नेमकी या वाक्यावर येऊन थांबते. शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून पोलीस दार फोडून १३ वर्षांच्या जेमीला उचलतात. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटचा. मुलींबद्दल विष पेरणारे व्हिडिओ आपल्याला दिसतच नाहीत, दिसतात ती फक्त गोंधळलेली मोठी माणसं. दुसऱ्या भागात तपास अधिकाऱ्याला कमेंटमधल्या इमोजींचा खरा अर्थ त्याचाच मुलगा शिकवतो. आणि शेवटच्या भागात आईबाप आठवत बसतात: रात्री एकला त्याच्या खोलीत दिवा दिसायचा, पण खोलीत आहे म्हणजे सुखरूप आहे असंच वाटायचं. उणीव म्हणाल तर मेलेली केटी कोपऱ्यातच राहते. मालिकेतली पोलीस अधिकारीच तशी खंत बोलून दाखवते!

कादंबरीत उलटं आहे. इथे आपण पोराच्या आत शिरतो. लंडनचा १९ वर्षांचा परवेझ भाजीच्या दुकानात काम करतो. बाप जिहादी, ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगात नेताना वाटेत मेलेला, आणि घरात त्याचा विषय काढायचा नाही असा अलिखित नियम. मोठी बहीण अमेरिकेला शिकायला निघते, जुळी बहीण आपल्या अभ्यासात. अशा वेळी इसिससाठी पोरं गोळा करणारा फारूक भेटतो. तो धर्मावर भाषण झोडत नाही, बापाच्या शौर्याच्या गोष्टी सांगतो. पोराला हवं ते पोराला मिळतं. इंटरनेटपेक्षा इथे समोरासमोरची मैत्रीच जास्त आहे, हे आधी सांगून ठेवतो. पण जाळं कसं विणतात हे मला मालिकेपेक्षा इथेच कळलं. परवेझला आवाज रेकॉर्ड करायचा नाद आहे. पुढे सीरियात, इसिसच्या ताब्यातल्या रक्का शहरात त्याला कामाला लावतात तेही प्रचाराच्या स्टुडिओत, याच हुन्नरासाठी.

अडचण एवढीच की इंग्रजी वाचावं लागेल, आणि परवेझचा भाग तिसरा. त्याआधी बहिणीचा आणि गृहमंत्र्याच्या मुलाचा भाग येतो. सुरुवात रेंगाळते. कॉलेजच्या पोरांना द्यायची तर मी सरळ तिसऱ्या भागापासून देईन.

पालकांचा गट असेल तर मालिका, त्यातही वेळ नसेल तर तिसरा आणि चौथा भाग. मानसशास्त्रज्ञ आणि जेमी समोरासमोर बसतात तो तिसरा भाग बघून आमच्या सौ. रात्रभर जाग्या होत्या.

काकांना मी चौथा दाखवणार आहे. त्यांचा नातू मागांचा खटखटाट मोबाइलवर रेकॉर्ड करत बसतो म्हणे. कशासाठी, ते काकांनी अजून विचारलेलं नाही. त्याच्या हातात मात्र कादंबरीच देईन.