तोरणमाळ की पाटणादेवी: हौशी साहसी शर्यत कुठे घ्यावी?

तोरणमाळला सातपुड्याची चढण आणि यशवंत तलाव. पळणं, सायकल, होडी असे तिन्ही टप्पे एकाच ठिकाणी. पण रुग्णवाहिकेपासून तंबूंपर्यंत सगळं शहाद्याहून घाट चढवून न्यायचं. नुसत्या प्रवेश शुल्कात ते भागणं कठीण, प्रायोजक लागतोच. त्याचे पैसे बरेचदा शर्यत झाल्यावर हाती येतात, आगाऊ रक्कम मात्र आपल्याच खिशातून जाते.

पाटणादेवीला चाळीसगाव जवळ, मुक्कामाचा खर्च वाचतो. तिथलं जंगल गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं, तेव्हा आधी वनखात्याची लेखी परवानगी, मगच नावनोंदणी.

पहिल्या वर्षी मी पाटणादेवीच निवडेन. स्पर्धक मोजके, हिशेब शुल्कातच बसवायचा. जेवण गावातल्या बचत गटाकडून: कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत.