भूसंपादनाच्या तडजोडीची रक्कम आणि रिटर्न भरण्याचे एक सॉफ्टवेअर

आमच्या अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, आणि त्यांच्या दोन भावांचे बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील भाताचे शेत २०१३ साली, म्हणजे १८९४ चा जुना भूसंपादन कायदा लागू असतानाच, सरकारी कामासाठी गेले. वाढीव भरपाईचा दावा पुढे अनेक वर्षे रेंगाळला आणि अखेर २०२४ साली लोक अदालतीत तडजोडीने मिटला. अण्णांच्या हिश्श्याला वाढीव भरपाई ४,१०,००० रुपये आणि त्यावरचे साधारण साडेदहा वर्षांचे व्याज ६,२०,००० रुपये, अशी एकूण १०,३०,००० रुपयांची रक्कम आली. व्याजातून दहा टक्के दराने ६२,००० रुपये टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच वळता केलेला कर, कापला गेला. हे उत्पन्न आकारणी वर्ष २०२५-२६ च्या, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये नीट दाखवण्यासाठी मी एका खासगी कंपनीचे सॉफ्टवेअर ९९९ रुपये भरून वापरले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली सांगितलेला दोष एकाच कंपनीचा नसून अशा सॉफ्टवेअरच्या एकूण रचनेतच असावा, असे मला वाटते.

सुरुवात फार सुखाची झाली, हे आधी मान्य करतो. पॅन आणि ओटीपी दिल्यावर दोन मिनिटांत अण्णांची पेन्शन, बँकेचे व्याज आणि कापलेला टीडीएस आपोआप पडद्यावर आला. मात्र ६,२०,००० रुपयांचे व्याज ‘ठेवींवरील व्याज’ या रकान्यात बसलेले होते आणि रिटर्नसाठी आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’ हा फॉर्म निवडून झालेला होता. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने यात चूक काही नव्हती. कापलेल्या कराची नोंद असलेल्या २६एएस विवरणपत्रात त्याला कलम १९४ए एवढेच दिसते आणि मुदत ठेवीचा टीडीएसही त्याच कलमाखाली कापला जातो. हे व्याज कशावरचे आहे, असा प्रश्न मात्र त्याने एकदाही विचारला नाही.

वस्तुतः सगळा फरक त्या एका प्रश्नात आहे. भरपाईवर किंवा वाढीव भरपाईवर मिळालेले व्याज आमच्या रिटर्नला लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५६ (२) (आठ) खाली ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ म्हणून येते. ते कितीही वर्षांचे असले तरी कलम १४५बी प्रमाणे ज्या वर्षी हातात पडले त्याच वर्षाचे उत्पन्न मानले जाते, आणि कलम ५७ (चार) प्रमाणे त्यातून सरळ पन्नास टक्के वजावट मिळते. ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते. वकिलाची फी, झेरॉक्स, उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंतच्या फेऱ्या असा कोणताही खर्च वेगळा दाखवता येत नाही, कारण या व्याजापुरती कलम ५७ मधील दुसरी कोणतीही वजावट कायद्याने बंद केली आहे. अण्णांना हे ऐकून वाईट वाटले. त्यांनी बसची तिकिटेसुद्धा जपून ठेवली होती.

खरी मेख फॉर्ममध्ये आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाची वजावट सोडून कलम ५७ ची दुसरी कोणतीही वजावट घेणाऱ्याला ‘सहज’ फॉर्म वापरता येत नाही. त्याला आयटीआर-२ भरावा लागतो. म्हणजे सॉफ्टवेअरने फॉर्म निवडला त्याच क्षणी अण्णांची अर्धी वजावट बाहेर राहिली होती, आणि पुढच्या कोणत्याही पडद्यावर ती भेटण्याची शक्यताच उरली नव्हती. पेन्शन आणि बँकेचे व्याज मिळून प्रमाणित वजावटीनंतर अण्णांचे उत्पन्न २,६०,००० रुपये होते. त्यात पूर्ण व्याज धरले की एकूण ८,८०,००० रुपये होतात आणि त्या वर्षीच्या नव्या प्रणालीत उपकरासह ३९,५२० रुपये कर लागत होता. निम्मे व्याज धरले तर एकूण ५,७०,००० रुपये होतात, कमी उत्पन्नासाठीची कलम ८७ए ची सवलत लागू होऊन कर शून्य होत होता आणि कापलेले ६२,००० रुपये संपूर्ण परत मिळत होते. दुरुस्ती न करता ‘पुढे’ हे बटण दाबत गेलो असतो, तरी सॉफ्टवेअरने २२,४८० रुपयांचा परतावा दाखवून हिरव्या अक्षरांत अभिनंदनच केले असते.

आता मूळ भरपाईच्या रकमेविषयी. शेतजमिनीच्या भरपाईवर टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे ४,१०,००० रुपयांचा आमच्या २६एएस मध्ये पत्ताच नव्हता आणि सॉफ्टवेअरलाही ती रक्कम ठाऊक नव्हती. प्रामाणिकपणे सांगावे म्हणून मी ‘जमीन विकली आहे काय’ या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर दिले. त्याबरोबर त्याने खरेदीची किंमत आणि मुद्रांक शुल्काचे मूल्यांकन मागितले आणि वडिलोपार्जित शेतावर भांडवली नफा मोजायला घेतला. जमीन विकलेली नसून सक्तीने संपादित झाली आहे, हे सांगण्यासाठी तिथे जागा नव्हती. ‘करमुक्त उत्पन्न’ हा विभाग मला बऱ्याच शोधानंतर, मेनूच्या अगदी तळाशी सापडला.

ही रक्कम करमुक्त कशी ठरते, हे आपल्या भागातील शेतकऱ्यांनी समजून घ्यावे. शहराची लोकसंख्या एक ते दहा लाखांच्या दरम्यान असेल तर हद्दीपासून हवाई अंतराने सहा किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्या भरपाईवर कर लागत नाही, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे बेळगाव याच गटात येते. आमचे शेत मात्र सहा किलोमीटरच्या आत होते. अशा जमिनीची भरपाई करमुक्त करणारे प्राप्तिकर कायद्याचे कलम १० (३७) आहे, पण संपादनापूर्वीची दोन वर्षे तिथे प्रत्यक्ष शेती होत असल्याचा पुरावा लागतो. आम्ही त्या वर्षांचे पहाणीचे, म्हणजे पीकनोंदीचे, उतारे काढले. पिकाच्या रकान्यात भात आणि त्यानंतरचे कडधान्य अशी कन्नडमध्ये नोंद होती, तेवढे पुरेसे ठरले. ज्यांची जमीन २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याखाली गेली आहे, त्यांच्या करमाफीसाठी त्या कायद्याचे कलम ९६ आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे २०१६ चे ३६ क्रमांकाचे परिपत्रक आहे. यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानावर नाही.

मी १,५०० रुपये जादा भरून ‘तज्ज्ञ साहाय्य’ घेतले. मराठी नाहीच, हिंदी अर्धवट, म्हणून इंग्रजीतच बोलणे झाले. पहिल्या तज्ज्ञांनी संपूर्ण १०,३०,००० रुपये ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी आलेल्या बाईंनी मात्र तडजोडीच्या हुकुमाचे पान मागवून घेतले, मूळ भरपाई आणि व्याज वेगवेगळे लिहिले आहे हे पाहिले, आणि दहा मिनिटांत फॉर्म बदलून दिला. या सेवेला मी जे काही गुण देतो ते त्या बाईंचे आहेत. १८९४ च्या कायद्याच्या कलम २८ चे, म्हणजे वाढीव भरपाईवरचे, व्याज हा भरपाईचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घनश्याम प्रकरणात म्हटले होते, पण त्याच वर्षी प्राप्तिकर कायदा बदलला आणि तेव्हापासून यावर वाद चालू आहे, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. आमच्या बाबतीत अर्धे व्याज करपात्र दाखवूनही कर शून्यच होता, त्यामुळे तो वाद अंगावर घेण्याचे कारण नव्हते.

हुकुमात ‘सर्व मिळून इतकी रक्कम’ असे एकच वाक्य असते, तर त्या बाईंनाही काही करता आले नसते. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील चालत नाही, त्यामुळे मुद्दल आणि व्याज यांची फोड सही करण्यापूर्वीच वकिलांकडून लिहून घ्यावी. आमच्या वकिलांनी ती न सांगता घातली होती आणि त्या वेळी आम्हाला तो उगाच कागद वाढवण्याचा प्रकार वाटला होता.

थोरल्या काकांचे प्रकरण आणखी निराळे निघाले. त्यांच्या हिश्श्याचा टीडीएस त्याच वर्षी २६एएस मध्ये दिसला, पण वारसांच्या नोंदीचे काम अडल्यामुळे रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात हाती आली. अशा वेळी कापलेला टीडीएस आयटीआर-२ मध्ये पुढच्या वर्षासाठी ओढून न्यावा लागतो, कारण ज्या वर्षी उत्पन्न करपात्र होते त्याच वर्षी त्याचे श्रेय मिळते. त्यासाठीचा रकाना या सॉफ्टवेअरमध्ये आहे, परंतु टीडीएसच्या ओळीवरील बारीक बाणावर टिचकी मारल्याशिवाय तो उघडत नाही.

उद्यमबागेतील कारखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांना न्यायालयीन तडजोडीत थकीत पगार मिळाला होता, आणि त्यांनीही हेच सॉफ्टवेअर वापरले. तिथे अनुभव चांगला आला. थकबाकी म्हटल्याबरोबर कलम ८९ ची सवलत आणि त्यासाठी रिटर्नच्या आधी भरायचा १०ई फॉर्म, या दोन्हींची आठवण त्याने आपणहून केली. पगार, पेन्शन, ठेवी एवढाच व्यवहार असणाऱ्याने ९९९ रुपये जरूर द्यावेत. पाचपैकी मी तीन गुण देतो. भूसंपादनाची रक्कम आलेल्याने मात्र आयटीआर-२ स्वतः निवडावा, २६एएस मधून आपोआप आलेली व्याजाची ओळ ठेवींच्या रकान्यातून काढून भरपाईच्या व्याजाच्या रकान्यात घालावी आणि हुकुमाची प्रत समोर ठेवूनच पुढे जावे. काकांचे पुढचे रिटर्न मी याच सॉफ्टवेअरवर भरणार आहे, कारण मागील वर्षाची माहिती त्यात आयती आहे. फक्त सादर करण्यापूर्वी त्याची छापील प्रत टिळकवाडीतील आमच्या सीएंना दाखवणार आहे.