नाणं, रबरबँड, काडेपेटी आणि पत्ते : काही महिने वापरल्यानंतर

गणपतीत लागलेला हा नाद उन्हाळा आला तरी सुटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ही स्टेजवरची जादू नाही. चार मित्र चहाला जमले की हातभर अंतरावरून, हाताशी असेल त्या वस्तूवर दाखवायची हातचलाखी आहे.

नव्याने सुरू करणारा प्रत्येक जण आधी विचारतो की तयार किट घेऊ का. माझं उत्तर : नको. माझ्याकडे एक आहे, ऑनलाइन मिळतं तसलं. त्यातली दुहेरी तळाची डबी बाहेर काढली की "आण इकडे, बघू" म्हणून चार हात पुढे येतात. डबीत भानगड आहे हे ती उघडण्याआधीच सगळ्यांना कळलेलं असतं. पण समोरच्याच्याच खिशातलं नाणं गायब झालं, तर संशय घ्यायला वस्तूच उरत नाही. तो तुमच्या हाताकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, "परत कर." हे "परत कर" ऐकण्यासाठीच मी सराव करतो.

सगळ्यात जास्त वापर नाण्यांचा झाला. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले, त्यांच्या हातात हाफ डॉलर असतो : ३०.६ मिलिमीटर व्यास, वजन ११ ग्रॅमच्या वर. तळहाताच्या खळग्यात तो छान अडकून बसतो. आपल्याकडे त्याला सर्वांत जवळचं म्हणजे दहाचं आणि वीसचं नाणं, दोन्ही २७ मिलिमीटर. क्लासिक पामला, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूच्या मांसल भागांत नाणं धरून हात मोकळा दिसू द्यायला, दहाचं उत्तम. हात कोरडे पडले की ते सटकतं, त्यामुळे पुण्याच्या थंडीत त्रास होतो. मुंबईच्या दमट हवेत तेच नाणं न सांगता चिकटून राहतं. जुनं जाड पाचचं, ९ ग्रॅमचं, वजनाला फार सुखद आहे, पण २३ मिलिमीटरचं असल्यामुळे मोठ्या हातांना लहान पडतं. ते बोटांच्या मुळाशी धरावं. स्टीलचं एक रुपयाचं नाणं इतकं हलकं आहे की लपवण्यापेक्षा सांभाळण्यातच लक्ष जातं.

आणि आता माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीकडे येतो. दहाचं नाणं बाहेरून पिवळं, आत पांढरं. वीसचं बाहेरून पांढरं, आत पिवळं. आकार तोच, रंग बरोब्बर उलटे! टांकसाळीने जादूगारांचा विचार करून हे केलेलं नसणार, पण याहून चांगली भेट मिळाली नसती. चिमटीत दहाचं धरायचं, वरून दुसरा हात सावकाश फिरवायचा, आणि नाण्याचा आतला रंग बाहेर आणि बाहेरचा आत. बघणाऱ्याला क्षणभर नाणं बदललं असं वाटतच नाही. तेच नाणं उलटंपालटं झालं असं वाटतं. परदेशात चांदीच्या नाण्याचं तांब्याचं करतात ती ही चाल, पण माझ्या मते आपल्या नाण्यांवर ती जास्त खुलते. वीसच्या नाण्याला १२ बाजू आहेत, त्यामुळे न बघता कोणतं नाणं कुठे आहे हे बोटांना कळतं. अट एकच, नाणं चिमटीत सतत थोडं हलतं ठेवायचं, नाहीतर कोन डोळ्यांत भरतात.

दहाची दोन नाणी लागणारा प्रयोग करायचा असेल तर जोडी नीट जमवा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये दहाच्या नाण्याचे १४ नमुने वैध असल्याचं जाहीर केलं होतं, आणि त्या नाण्यांबद्दल तेव्हा इतक्या अफवा पसरल्या होत्या की लोक अजूनही दहाचं नाणं दोन्ही बाजूंनी निरखून घेतात. नमुना वेगळा निघाला की पकडलेच जाल. दुसरी अडचण म्हणजे यूपीआय आल्यापासून कुणाच्या खिशात नाणंच नसतं. मी चहावाल्या काकांना सांगून गल्ल्यातलं मागून घेतो. काका स्वतः बघायला थांबतात, त्यामुळे नाणं अस्सल असल्याची ग्वाही आपोआप मिळते.

फ्रेंच ड्रॉप सगळ्यांना ऐकून माहीत असतो : डाव्या चिमटीतलं नाणं उजव्या हाताने उचलल्याचं दाखवायचं, प्रत्यक्षात ते डाव्याच हातात सोडायचं. बोटांचं काम चार दिवसांत जमतं. नजरेचं जमायला महिने जातात. उजव्या मुठीत नाणं आहे असं तुम्हाला स्वतःला वाटलं पाहिजे, तरच डोळे तिकडे जातात आणि डावा हात सैल पडतो. २००६ मध्ये गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी चेंडू वर फेकल्याचा नुसता अभिनय करणाऱ्या जादूगाराचा व्हिडिओ लोकांना दाखवला. जादूगाराची नजर वर गेली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांना चेंडू वर जाऊन नाहीसा होताना 'दिसला'. नजर हातावरच राहिली तेव्हा हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आलं. आरशासमोर सराव करताना मी म्हणून हाताकडे बघतच नाही, आरशातल्या स्वतःच्या डोळ्यांकडे बघतो.

रबरबँड हा सगळ्यात कमी कौतुक झालेला प्रकार. तर्जनी आणि मधल्या बोटावरचा रबर मूठ उघडताच अनामिका आणि करंगळीवर उडी मारतो, ही चाल भाच्याला एका दुपारी शिकवली, आता तो मलाच "मामा, थांब, मी दाखवतो" म्हणतो. मोठ्यांसाठी एकमेकांत अडकवलेले दोन रबर आरपार सुटण्याचा प्रयोग ठेवा. जादूगार मायकेल अमार यांच्यामुळे तो जगभर गेला. त्याला पार्सलच्या पिशवीचे बारीक रबर चालत नाहीत, ताणले की तुटतात. स्टेशनरीच्या दुकानात साधारण ९ सेंटीमीटर लांबीचे मागा. जादूवाले १९ नंबर म्हणतात ते हेच. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, चिकट होतात.

काडेपेटी एकाच गोष्टीसाठी ठेवली आहे. हाताच्या पाठीवर ठेवलेली पेटी आपोआप उभी राहते, कारण बंद करताना आतल्या कप्प्यात कातडीची बारीक चिमूट धरलेली असते. लहान मुलं खूश होतात. पावसाळ्यात पुठ्ठा मऊ पडला की हेही जमत नाही.

पत्त्यांबद्दल थोडक्यात : रमीचा गुळगुळीत प्लॅस्टिकचा कॅट पसरताना घसरतो, बायसिकल या अमेरिकन ब्रँडचा 'रायडर बॅक' कागदी कॅट हातात फार छान चालतो, पण जुलैत फुगतो. घट्ट डबीत ठेवा.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत टेबल, मांडी आणि कोट गृहीत धरलेला असतो. वस्तू हळूच मांडीत पाडायची, मागे रेलायचं. पुढे झुकलं की बघणारा सावध होतो आणि मागे रेललं की सैलावतो, यावर जादूगार टोनी स्लायडिनी यांनी अख्खी कला उभी केली. आपण मात्र कट्ट्यावर उभे असतो आणि मंडळी तिन्ही बाजूंनी. डावीकडे मागे उभ्या असलेल्याला फ्रेंच ड्रॉप सरळ दिसतो. पाठीशी भिंत घेऊन उभं राहा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला. "बाहीत टाकलं" हा आरोप तिथेच संपतो.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने पाळतो. मित्राच्या घरी मनातली बदामाची राणी ओळखून दाखवली, तेव्हा त्याची मावशी बाजूला घेऊन म्हणाली, "बाळा, आमच्या पोराच्या नोकरीचं काही दिसतं का रे?" ती गंमत करत नव्हती. मी तिला तिथेच पत्ता कसा कळला ते दाखवलं. मित्रांना मी कृती सांगत नाही, पण तिला सांगणं भाग होतं. भस्माची गोळी बोटांमागे धरून हवेतून विभूती काढणारे याच पाममधून माणसं फसवतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी तीच विभूती काढून ते उघडं करत आले आहेत. हातचलाखीला हातचलाखीच म्हणायचं, त्यात बघणाऱ्याची मजा तसूभरही कमी होत नाही.

सध्या सराव चालू आहे तो आपल्या मदाऱ्यांच्या वाट्या-गोळ्यांचा. त्यांच्या वाटीला वर गोंडा, म्हणजे झाकणाला असते तशी छोटी मूठ, असतो आणि तो दोन बोटांत धरून वाटी उचलतात, त्यामुळे गोळी आत सोडायला बाकीची बोटं मोकळी राहतात. टेबल लागत नाही, जमिनीवर मांडी घालून बसलं की झालं. चहाच्या कागदी कपांवर ती पकड जमत नाही, म्हणून तांब्यापितळेच्या दुकानांत गोंड्याची झाकणं शोधतोय. लहान आकाराची कुठे बघितली असतील तर कळवा.