ऑल-सिस्टिम स्कॅनर, आठ महिन्यांनंतर: म्युझिक सिस्टिमचे कोड कसे वाचायचे

ब्लूटूथची स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) या कामाची नाही. ती इंजिनचे 'पी' कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोष-क्रमांक, वाचते. स्पीकर, अँटेना, अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) यांचे कोड 'बी' (बॉडी) आणि 'यू' (आपसातला संपर्क) गटात येतात, त्यासाठी सगळी मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) उघडणारा स्कॅनरच लागतो. आठ महिन्यांच्या वापरात तो पैसे वसूल करतो, पण कोड समजून घेतला तरच.

खरी माहिती बऱ्याच गाड्यांत कोडच्या शेवटच्या दोन आकड्यांत असते. ११ म्हणजे वायर बॉडीला टेकली, १२ म्हणजे प्लसला, १३ म्हणजे सर्किट तुटलं. उजव्या पुढच्या स्पीकरवर १३ दिसला की लोक लगेच नवा स्पीकर मागवतात. आधी स्टिरिओमागचा प्लग काढून त्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. दार हळूहळू उघडा-लावा. आकडा नाचला तर स्पीकर चांगला आहे, दोष दार आणि खांबामधल्या रबरी नळीतल्या वायरीत आहे. आतलं तांबं तुटतं, वरचं आवरण शाबूत राहतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. चिमटीत धरून ओढा, तुटल्या जागी वायर रबरासारखी ताणते. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेलंही तपासा.

बाहेरचा अ‍ॅम्प बसवलेल्या गाडीत १३ येतो आणि आवाज मात्र ठणठणीत असतो. अ‍ॅम्पच्या इनपुटचा रोध इतका जास्त की स्टिरिओला स्पीकर जोडलेलाच वाटत नाही. तिथे लोड रेझिस्टर (स्टिरिओला स्पीकरसारखा रोध दाखवणारा भाग) लावायचा, बाकी काही बदलायचं नाही.

यू०१८४, म्हणजे रेडिओशी संपर्क तुटला, दिसला तर पहिला संशय बॅटरीवर. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ हवेत. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत बॅटरी लवकर थकते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळतं, रेडिओ क्षणभर बंद पडतो आणि कोड साठून राहतो. कोड पुसा, गाडी तीनदा स्टार्ट करा, पुन्हा स्कॅन करा. 'हिस्टरी' (जुना दोष) न राहता 'करंट' (आत्ताचा दोष) म्हणून परत आला तरच फ्यूज आणि अर्थिंगकडे वळा.

एक तक्रार आहे. स्कॅनरच्या मेनूतलं 'ड्रायव्हर साइड' काही गाड्यांत डावीकडचं निघतं, कारण माहिती डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांवरून उचललेली. म्हणून दाराचं पॅनेल उघडण्याआधी अ‍ॅक्च्युएटर टेस्टमधून (स्कॅनरवरून भाग चालवून बघायची चाचणी) एकेक स्पीकर वाजवून बाजू पक्की करा.