उजवा गुडघा आणि माझ्या हाडाच्या मापाचे जिग : नऊ महिन्यांचा अनुभव

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. डावा 2019 मध्ये नेहमीच्या पद्धतीने, आणि उजवा गेल्या डिसेंबरात, माझ्या हाडाच्या मापाने खास बनवून घेतलेले जिग, म्हणजे हाड कापताना करवतीला जागा दाखवणारे ठोकळे, वापरून. एकाच बाईच्या दोन पायांवर दोन पद्धती झाल्या, म्हणून इथे गोव्यात, डिचोलीत कुणाच्या गुडघ्याचं निघालं की माणसं माझ्याकडे विचारायला येतात. प्रत्येकाला बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसून सगळं सांगते. आता एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते. मापाने बनवतात तो सांधा नव्हे. सांधा कंपनीच्या ठरलेल्या साइजमधलाच असतो, माझ्या दोन्ही पायांत साधारण सारखाच आहे. मापाने बनतात ती करवत नेमकी कुठे चालवायची हे दाखवणारी साधनं. नायलॉनचे, थ्रीडी प्रिंटरवर काढलेले दोन ठोकळे: एक मांडीच्या हाडाच्या टोकावर बसतो, दुसरा नडगीच्या हाडावर. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी माझ्या हाडाची प्रतिकृती टेबलावर ठेवून त्यावर जिग बसवून दाखवलं. हाडाचे उंचवटे, खड्डे, झिजेमुळे वाढलेले काटे, सगळं त्याच्या आतल्या बाजूला उलटं उमटलेलं होतं. माझ्या आईची कवळी तिच्याच हिरडीवर बसायची, दुसऱ्या कुणाला कधी बसली नसती. हे तसंच. त्यावर माझं नाव आणि उजवी बाजू कोरलेली होती. डॉक्टर म्हणाले, हे वाढलेले काटे आधी छाटून चालत नाही, कारण जिग त्यांच्याच आधाराने बसतं.

मला हे का लागलं, ते महत्त्वाचं. 1998 मध्ये शाळेतून येताना स्कूटरवरून पडले आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. तेव्हा आत घातलेली सळी अजून तशीच आहे, आणि हाड जुळलं ते किंचित वाकडं. नेहमीच्या पद्धतीत गुडघ्याच्या बाजूने मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक दांडा सरकवतात आणि त्याच्या आधाराने कापण्याचा कोन ठरवतात. डाव्या पायाला तसंच केलं होतं. उजव्या पोकळीत माझी जुनी सळी. दांडा जाणार कुठून? गेला असता तरी वाकड्या हाडात त्याने कोन चुकीचा दाखवला असता. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी सळी काढू, मग काही महिन्यांनी गुडघा. सत्तावीस वर्षं हाडात मुरलेली सळी काढायची या कल्पनेनेच मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: कॉम्प्युटर नेव्हिगेशन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना कॉम्प्युटरवर कोन पाहून कापणं, किंवा हे जिग. त्यांच्या इस्पितळात नेव्हिगेशनचं यंत्र नव्हतं, म्हणून जिग.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो स्कॅनचा. आत धातू असला की एमआरआयचं चित्र बिघडतं, म्हणून माझं सीटी स्कॅन केलं. त्यात नुसता गुडघा येऊन भागत नाही, खुबा आणि घोटाही हवा. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत जी रेषा जाते ती गुडघ्याच्या मधून गेली पाहिजे, त्या हिशेबाने काप ठरवतात. मधे पाय हलला तर माप चुकतं. माझा पहिला स्कॅन परत आला. घोट्याचा भाग नीट आला नव्हता. केंद्रावर कुणी तपासून पाहिलं असतं तर तेव्हाच लक्षात आलं असतं, पण बारा दिवस गेल्यावर फोन आला. पुन्हा गाडी करून जाणं, पुन्हा त्या टेबलावर दुखरा पाय ताठ ठेवून पडणं. दुसऱ्या स्कॅननंतर जिग यायला पाच आठवडे लागले. मधल्या काळात डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर आराखडा तपासून कोनात थोडा बदल करून घेतला. कंपनीचा आराखडा आला तसा मंजूर केला नाही, हे मला फार आवडलं. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

स्कॅन करून ऑपरेशन फार लांबवू नका. झीज वाढत राहते, हाडाचा आकार बदलतो, मग जिग नीट बसत नाही.

खर्चाचं सांगते. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या सांध्याला जीएसटी सोडून 54,720 रुपये. माझ्या बिलात सांधा त्या मर्यादेतच होता, पण जिग आणि स्कॅन वेगळ्या ओळीत. विमा कंपनीने त्या ओळी मंजूर केल्या नाहीत. दोनदा पत्र लिहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, सळीचा एक्स-रे जोडला. उत्तर एकच, अत्यावश्यक नाही. ज्या साधनामुळे एक पूर्ण ऑपरेशन वाचलं ते अत्यावश्यक नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. जिग बसलं नाही तर काय, म्हणून पर्यायी साधनंही तयार ठेवली होती, ती लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. चौदाव्या दिवशी टाके निघाले, तेव्हा गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकत होता. तीन महिन्यांनी एकशे पंधरा.

आता दोन गुडघ्यांची तुलना, जी सगळ्यांना हवी असते. दुखणं दोन्ही वेळा सारखंच. पहिले सहा आठवडे रात्री वाईट, बर्फाचा शेक, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम, सगळं तेच. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा दोन्हीकडे आहे. उजवा पाय आता सरळ दिसतो, एक्स-रेतही. पण डावाही सरळच आहे. चालताना कुठला गुडघा कसा केला हे मला सांगता येणार नाही. जिग वापरून आणि न वापरता केलेल्या ऑपरेशनांची तुलना करणारे बरेच अभ्यास झाले आहेत, त्यांतही दुखण्यात आणि हालचालीत ठळक फरक दिसलेला नाही. जिग हाड कुठे कापायचं ते सांगतं. दोन्ही बाजूंचे स्नायुबंध सारखे ताणलेले आहेत का, हे डॉक्टरांच्या हातालाच कळतं.

या पावसात आमच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं, तरी कठडा धरून रोज विहिरीपर्यंत गेले. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान मी स्वतः निवडलं, आरतीला शेवटपर्यंत उभी राहिले. पाटावर मात्र बसता येत नाही, पंगतीत मला टेबल लावतात. त्याचं वाईट वाटतं. फुगडीचं तर डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

साखळी गावात राहणारी माझी वहिनी आता ऑपरेशन करून घेते आहे. तिला डॉक्टरांनी साध्या पद्धतीचं सांगितलं, तर ती रडवेली होऊन माझ्याकडे आली, मला कमी प्रतीचं देतात का म्हणून. तिचा एक्स-रे पाहिला. हाड कधी मोडलेलं नाही, आत सळी नाही. मी तिला माझा डावा गुडघा दाखवला, सात वर्षांचा होत आला तरी कुरकुर नाही. माझ्यासारखं काही आत असतं तर मीच तुला जिगसाठी भांडायला लावलं असतं, म्हटलं. तिची तारीख दिवाळीनंतरची आहे. माझा वॉकर पुसून तिच्याकडे पाठवला आहे, आणि टॉवेलचा व्यायाम आत्तापासूनच सुरू करायला लावला आहे.