ग्राफीनच्या नावाखाली शिसं

औशात माझं शिलाईचं दुकान आहे. वडिलांनी घेतलेली मशीन अजून चालते, कारण तिचं शटल, बॉबिन केस, पट्टा आजही लातूरला गंजगोलाईत मागेल तेव्हा मिळतं. म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर घेताना मी रंगाबिंगाच्या भानगडीत पडलो नाही. एकच विचारलं, "पाच वर्षांनी बिघडली तर सामान मिळेल का?"

"काका, सगळं इथंच मिळतंय. टेन्शनच घेऊ नका."

आता वाटतं, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायचाच नव्हता. चार गॅरेजवाल्यांना विचारला असता तर चहाच्या पैशात उत्तर मिळालं असतं.

२०२३ चा पाडवा होता. आदल्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गाड्या पेटल्याच्या बातम्या सगळ्यांनी बघितल्या होत्या, आणि दुकानदाराला ते पक्कं माहीत. मी "बॅटरी लिथियम आहे का?" म्हटल्यावर तो आवाज खाली आणून म्हणाला, "लिथियम पेटतंय काका. ही ग्राफीन. त्याच्या पुढची." लायसन नको, पासिंग नको, एका चार्जमध्ये ८० किलोमीटर. ६८ हजार मोजले. औसा ते लातूर २० किलोमीटर, जाऊन येऊन ४०. मला तर दुप्पट भरवसा मिळाला.

ते ८० किलोमीटर कागदावरही बसत नव्हते. बॅटरी ६० व्होल्ट, २० अँपिअर-अवर. गुणाकार केला की १२०० वॅट-तास. माझ्या गाडीला किलोमीटरला २५ ते ३० लागतात. म्हणजे नवी असताना जेमतेम ४०-४५. कापड मीटरवर मोजून घेणारा माणूस मी, पण हा हिशेब दीड वर्षानं केला.

पासिंगचंही तसंच. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल, तरच ती सूट आहे, आणि तसं तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. माझ्या गाडीची एक वायर जोडून दुकानदारानं तिला ४५ वर पळवून दाखवलं. मी खूश! कुणाला धडक बसली असती तर ना विमा, ना नंबर, आणि सूटही गेलेली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुकानदाराचा सल्ला होता, "पूर्ण उतरल्यावरच चार्जिंगला लावा." मी इमानदारीनं पाळला. चौदाव्या महिन्यात, ऐन मे महिन्यात, गाडी बुधोड्याजवळ बसली. मागं कापडाचा गठ्ठा, वर ऊन. टेम्पोत घालून आणली.

वॉरंटी तोंडी तीन वर्षांची होती. कार्ड काढून बघितलं तर तीन वर्षं मोटरला, बॅटरीला बारा महिने, आणि बॅटरी नंबरची जागा कोरी. तरी दुकानदारानं "कंपनीला पाठवतो" म्हणून वीस दिवस ठेवून घेतली आणि तीच चार्ज करून परत दिली. माझ्या बॅटरीवर निळ्या पेनाची खूण होती, म्हणून कळलं.

शेवटी औसा रोडच्या एका पोरानं पत्र्याची पेटी उघडली. आत १२ व्होल्टचे पाच डबे. "मामा, येड्यात काढलं तुम्हाला. ही साधी लेड-ॲसिड हाय, शिशाची. त्यात जरासं कार्बन घालून ग्राफीन म्हणून विकतेत." लेड-ॲसिड सारखी तळापर्यंत उतरवली की आत सल्फेट बसतं आणि ती लवकर मरते, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे मिळालेला सल्लाही उलटाच.

बॅटरी निदान बाजारात मिळते. पुढं पावसाळ्यात कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा, जळाला तेव्हा खरी गंमत कळली. ही "कंपनी" म्हणजे बाहेरून आलेले भाग जोडून वर लावलेलं स्टिकर. दुसरा कंट्रोलर बसला, पण तो मूळ डिस्प्लेशी बोलेना. आता वेग दिसत नाही, किती चार्ज उरलाय तेही दिसत नाही. दुकानावर गेलो तर तिथं मोबाईलचे कव्हर विकायला ठेवलेले.

ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. पण माझ्या बिलावर एवढंच होतं : "ई-बाईक, १ नग." जीएसटी नंबर नाही, चेसिस नंबर नाही, मोटर-बॅटरीचे नंबर नाहीत, बॅटरीचा प्रकार नाही. तुम्ही घेत असाल तर एवढं लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि कंट्रोलर, चार्जर, डिस्प्ले त्या दुकानाच्या फळीवर आज आहेत का, किंमत काय, ते डोळ्यांनी बघा. "मागवून देतो" म्हणजे नाही.

जुने डबे भंगारात घातले. भंगारवाल्यानं एक उचलून बघितला, उघडलासुद्धा नाही. "शिसं हाय की." ३२ किलो भरलं. वजन, भाव, तारीख टाकून त्यानं न मागता पावती दिली.