सीझन कुठे करायचा, ताडोबा की पेंच?

नॅचरलिस्ट म्हणून, म्हणजे रिसॉर्टच्या गेस्टना सफारीत जंगल दाखवायला, एखादा सीझन करायचाय, ताडोबाला जाऊ की पेंचला, असं हल्ली दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. मी एक सीझन ताडोबाला मोहर्लीच्या बाजूला काढला आणि नंतर दोन सिल्लारीजवळ, म्हणजे महाराष्ट्रातल्या पेंचला.

पैशाचं म्हणाल तर ताडोबा. टिप बरी सुटते आणि जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद असला तरी बफर, म्हणजे त्याच्या भोवतीचा पट्टा, चालू असतो, त्यामुळे काम अगदीच थांबत नाही. वाघ तर पहिल्या पंधरा दिवसांत इतके दिसले की घरी फोन करून सांगायचंही बंद झालं.

पण आमच्या रिसॉर्टच्या रिसेप्शनला एक पांढरा बोर्ड होता. रोज संध्याकाळी त्यावर नॅचरलिस्टचं नाव आणि पुढे वाघ दिसला की नाही, बरोबर नाहीतर फुली. मग काय, गेस्ट चहाच्या आधीच विचारणार आज आमच्याबरोबर कोण, आणि हळूहळू मीपण तसलाच झालो, जवळ नवरंग पक्षी बोलतोय हे ऐकू येत असूनही ड्रायव्हरला म्हणायचो चल चल, तिकडे कॉल आलाय, म्हणजे वाघाची चाहूल लागून कुठलं तरी जनावर ओरडलंय. मे संपताना लक्षात आलं, आठ महिने जंगलात काढले आणि झाडं दहाच्या वर ओळखता येत नाहीत.

पेंचला वाघ माझ्या वाट्याला कमी आले, दुसऱ्या कुणाचा अनुभव उलटा असेलही. एकदा एप्रिलमध्ये दीड तास काहीच नाही, तर गावातल्या गाईडने गाडीच बंद करायला लावली. मोहावर वानरं फुलं खात होती, खाली सांडलेली चितळं टिपत होती. एकदम वरचं चघळणं थांबलं, माना वर झाल्या, एका चितळ मादीने पुढचा पाय दोनदा आपटला. कॉल नाही, काही नाही, आणि पाच मिनिटांनी परत खाणं सुरू. काय होतं ते कळलंच नाही, पण तेव्हापासून मी कॉलच्या आधीची ती शांतता ऐकायला लागलो.

शिवाय रात्रीचं आकाश. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली ते उगाच नाही. पानं गळालेलं कुल्लूचं पांढऱ्या सालीचं झाड चांदण्यात असं पांढरंफटक दिसतं की पहिल्या रात्री मी दचकलोच.

वाघाचे फोटोच हवे असतील तर ताडोबा, त्यात वाद नाही. फक्त मुलाखतीला जाल तेव्हा रिसेप्शनला बोर्ड आहे का ते बघून घ्या.